चीन इंग्रजी शिकला नाही, हे तुम्हांला कोणी सांगितले?

१/ दर दोन-चार महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत आपल्या मोबाईलवर येऊन आदळतो : ‘चीनकडे पाहा, जपानकडे पाहा. इंग्रजीचे एक अक्षर न शिकता महासत्ता झाले!’ मातृभाषेतून शिक्षण मिळावे या मताचा मी आग्रही पुरस्कर्ता आहे, आणि नेमके म्हणूनच हे वाक्य मला सहन होत नाही. चांगल्या पक्षासाठी खोटी साक्ष उभी केली की उलटतपासणीत तो पक्षच हरतो. जपानचे पुढे पाहू. आज चीन.

२/ आरंभ कँटनच्या बंदरापासून करावा लागेल. १७५७ पासून पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित झाला होता. परकीयांना चिनी भाषा शिकवणे हा तर अपराधच. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट चिनी भाषेतला तक्रारअर्ज घेऊन थेट उत्तरेकडे गेला. त्याला मकाव येथे तीन वर्षे कैद झाली. अर्ज ज्या चिनी माणसाने लिहून दिला, त्याला देहान्त शासन झाले.

३/ मग व्यवहार व्हायचा कसा? चिनी व्यापारी आणि दुभाष्यांनी आपल्यापुरती एक इंग्रजी घडवली. शब्द इंग्रजी, वाक्याचा सांगाडा चिनी. तिलाच ‘पिजिन’ म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तो शब्दच मुळी ‘बिझनेस’चा कँटोनी उच्चार आहे. ती शिकण्यासाठी बाजारात छोट्या चोपड्या मिळत. त्यांत एकही रोमन अक्षर नसे. ‘वन’ हा शब्द, कँटोनीत ‘वान’ असा उच्चार होणाऱ्या चिनी चित्राक्षराने लिहिलेला असे. आपल्याकडे देवनागरीत ‘हाऊ आर यू’ छापणारी पुस्तके असतात, तीच युक्ती. फरक एवढाच की आपल्याकडे सुटे व्यंजन लिहिता येते. चिनी चित्राक्षर म्हणजे एक संपूर्ण अवयव, त्यामुळे इंग्रजी जोडाक्षराचे तिथे हमखास दोन-तीन तुकडे होत.

(जाता जाता : या बंदरात येणारी माळव्याची अफू मुंबईहून जहाजांत चढत असे. सर जमशेदजी जीजीभाईंची संपत्ती ज्या चीन-व्यापारातून उभी राहिली, त्यात या मालाचा वाटा मोठा होता. कँटनच्या या कथेत मुंबई केवळ प्रेक्षक नव्हती.)

४/ १८३९. अफूबंदीसाठी आलेला आयुक्त लिन झेशू. वीस हजारांहून अधिक पेट्या अफू त्याने नष्ट केली. (जाळली नाही. मीठ आणि चुना घातलेल्या खड्ड्यांत विरघळवून समुद्रात सोडली. चित्रपटांवर विसंबू नका.) पण त्याच वेळी त्याने आणखी एक गोष्ट केली, ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. इंग्रजी जाणणाऱ्या चिनी माणसांना त्याने शोधून पदरी ठेवले. त्यांतला एक मलाक्काच्या मिशनरी विद्यालयात शिकलेला होता. त्यांच्याकडून त्याने इंग्रजी वृत्तपत्रे वाचून घेतली, एक भूगोलग्रंथ चिनीत आणवला, वॅटेलच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथातले उतारे भाषांतरित करून घेतले. शत्रू आपल्याबद्दल काय छापतो, हे त्याला शत्रूच्याच भाषेतून हवे होते.

५/ आणि आता ते कलम, ज्यावर हा सगळा धागा उभा आहे. १८५८ चा त्येन्चिनचा तह, कलम ५०. ब्रिटिश अधिकारी यापुढे चिनी सरकारशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करतील. चीनमध्ये दुभाषे तयार होईपर्यंत, तूर्तास, सोबत चिनी भाषांतर जोडले जाईल. दोन्ही पाठांत तफावत आढळली तर ब्रिटिश सरकार इंग्रजी पाठाचाच अर्थ खरा मानेल. क्षणभर थांबा आणि हे पुन्हा वाचा. तीन हजार वर्षांची लेखनपरंपरा असलेल्या साम्राज्याला स्वतःच्या तहाचा अर्थ लावण्यासाठी इंग्रजी व्याकरण शिकणे भाग पडले. भूतकाळाचा प्रत्यय आणि अनेकवचनाचा ‘एस’ हा आता सार्वभौमत्वाचा प्रश्न झाला होता.

६/ चारच वर्षांनी, १८६२ मध्ये, राजपुत्र गोंग याच्या पुढाकाराने पेकिंगमध्ये ‘थोंगवन ग्वान’ ही सरकारी भाषाशाळा निघाली. पहिले विद्यार्थी दहा, सारे राज्यकर्त्या मांचू ध्वजदलांच्या घराण्यांतले. पुढच्या दोन वर्षांत शांघाय आणि कँटन येथेही अशा शाळा निघाल्या.

१८६७ मध्ये पेकिंगच्या शाळेत ज्योतिष आणि गणितही शिकवावे असा प्रस्ताव आला, तेव्हा वोरन नावाच्या वृद्ध पंडिताने कडाडून विरोध केला. राज्याचा पाया धर्म आणि नीती हा आहे, तंत्रविद्या नव्हे, आणि परकीयांना गुरू करणे लज्जास्पद आहे, असा त्याच्या निवेदनाचा आशय. तुमच्या मोबाईलवर येणारा मजकूर नवा वाटतो ना? त्याचे वय दीडशेच्या पुढे आहे. आणि तेव्हाही तो दरबारात टिकला नाही : १८९१ मध्ये खुद्द सम्राट ग्वांगशू इंग्रजीचे धडे गिरवू लागला, आणि त्याचे शिक्षक याच भाषाशाळेचे दोन विद्यार्थी होते.

७/ मला मात्र सम्राटापेक्षा यान फू अधिक महत्त्वाचा वाटतो. वडील लवकर वारले, घरची स्थिती हलाखीची, म्हणून मुलगा फूचौच्या नव्या नाविक विद्यालयात गेला. तिथे जहाजबांधणी फ्रेंचमधून आणि नौकानयन इंग्रजीतून शिकवत. पुढे दोन वर्षे तो ग्रिनिचच्या नाविक महाविद्यालयात होता. तो सेनापती झाला नाही. १८९८ मध्ये त्याने हक्स्ले यांच्या उत्क्रांती आणि नीतीविषयक ग्रंथाचे चिनी रूपांतर प्रसिद्ध केले, तेही अभिजात चिनी गद्यात, पंडितांना नाक मुरडता येणार नाही अशा शैलीत. तरुण लू शून याने ते अधाशासारखे वाचले. एका विद्यार्थ्याने तर ‘जो अनुरूप तो टिकतो’ या सूत्रातला ‘शी’, म्हणजे अनुरूप, हा शब्दच नाव म्हणून घेतला. तोच पुढचा प्रख्यात विचारवंत हू शी.

इंग्रजी एका माणसाने, तीही प्राण ओतून, शिकली. हक्स्ले सहस्रावधींनी चिनीतून वाचला.

८/ आता विद्यार्थ्याच्या मेजाशी बसू, कारण ‘चिनी लोक नुसते घोकतात’ असे तुच्छतेने म्हणणाऱ्यांना त्या मेजावर काय मांडलेले असते याची कल्पना नसते.

मराठी मूल ‘गेलो, गेली, गेले, जाईन’ हे बोलू लागतानाच आत्मसात करते. काळ, लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे क्रियापद बदलते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चिनी क्रियापद बदलतच नाही. काल गेलो, उद्या जाईन, ती जाते : ‘छ्यू’ तेच. काळ ‘काल’, ‘उद्या’ या शब्दांतून कळतो, क्रिया पुरी झाली हे ‘ल’ या छोट्या निपातातून. नामाला अनेकवचनाची सक्ती नाही. म्हणून इंग्रजी व्याकरणाच्या पहिल्या पानावर मराठी विद्यार्थी ओळखीच्या गोष्टीचे नवे रूप शिकतो, तर चिनी विद्यार्थ्याला ती गोष्टच नवी असते.

९/ ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ यांना बोलण्यात एकच शब्द आहे : ‘था’. लेखनात ‘ती’साठी स्वतंत्र चित्राक्षर रूढ झाले तेही विसाव्या शतकात. १९२० च्या सुमारास ल्यू बाननोंग या कवीने त्याचा पुरस्कार केला, आणि त्यामागे पाश्चात्त्य भाषांतल्या ‘ती’चे भाषांतर कसे करावे ही अडचण होतीच. म्हणून उत्तम इंग्रजी लिहिणारा चिनी संशोधकसुद्धा बोलताना स्वतःच्या बायकोला ‘ही’ म्हणून जातो. हसू नका. आपण ‘द’ कुठे घालायचा आणि कुठे गाळायचा यात जन्मभर चाचपडतो. उपपद त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

१०/ शब्दसंग्रहाचे दुःख याहून मोठे. मराठी मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा टेबल, पेन, डॉक्टर, स्टेशन, बस, तिकीट हे शेकडो शब्द आधीच खिशात असतात. चिनी भाषा उच्चार उसने घेण्यापेक्षा अर्थ भाषांतरित करणे पसंत करते. टेलिफोन आधी ‘दल्यूफंग’ म्हणून आला खरा, पण टिकला तो ‘त्येनह्वा’, वीज-बोलणे. संगणक म्हणजे वीज-मेंदू. आणि रेल्वेगाडी म्हणजे ‘हुओछ’, अग्नी-गाडी. आपली ‘आगगाडी’च की! आपण ती जुन्या पुस्तकांत सोडून ‘ट्रेन’मध्ये बसलो, ते अजून ‘हुओछ’नेच प्रवास करतात. परिणामी, इंग्रजीचा जवळजवळ प्रत्येक शब्द चिनी मुलाला नव्याने, पूर्ण किंमत मोजून घ्यावा लागतो. मग घोकंपट्टी होणार नाही तर काय होईल?

११/ या व्याकरणभेदातून काहींनी बुद्धिभेदही काढून पाहिला. १९८१ मध्ये आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकी अभ्यासकाने मांडले की चिनीत ‘असे झाले असते तर’ याची वेगळी क्रियारूपे नसल्याने चिनी भाषकांना असा विचार करणे जड जाते. दोनच वर्षांत टेरी आउ यांनी दाखवून दिले की प्रयोगातल्या गोष्टी सहज चिनीत लिहिल्या की ही अडचण उरत नाही. भाषांतर वाईट होते, डोकी नव्हे.

१२/ आता त्या कालखंडाकडे वळू, जेव्हा चीनने खरोखर इंग्रजी टाकली होती. १९५० च्या दशकात रशियन हीच मुख्य परकी भाषा होती. सोव्हिएत संघाशी बिनसल्यावर, १९६४ च्या सप्तवार्षिक योजनेत, इंग्रजीला प्रथम परकी भाषेचे स्थान मिळाले. आणि दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांती आली.

जुलै १९७३. हेनान प्रांतातल्या थांगहं जिल्ह्यातली एक ग्रामीण माध्यमिक शाळा. पंधरा वर्षांच्या एका मुलीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत प्रश्न न सोडवता, आपण चिनी आहोत, एबीसी न शिकताही क्रांतीचा वारसा चालवू, अशा आशयाच्या ओळी लिहिल्या. शाळेत तिची जाहीर कानउघाडणी झाली. तिने पाण्यात जीव दिला. पुढच्या वर्षी राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांनी त्या मरणाची मोहीम केली. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक तुरुंगात गेले, आणि देशभर परीक्षा घेणारा शिक्षक भयाने गप्प झाला.

‘आम्हांला इंग्रजी कशाला?’ या प्रश्नाचा हाही इतिहास आहे. ती मुलगी दोषी नव्हती. वाक्य तिला घोषणांनी दिले होते. घोषणा देणाऱ्यांना मात्र मी क्षमा करू शकत नाही.

१३/ १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. सुमारे ५७ लाख परीक्षार्थी, प्रवेश पावणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्याही आत. परकी भाषेचे गुण प्रथम नाममात्र धरत, मग टप्प्याटप्प्याने वाढवत १९८३ मध्ये पूर्ण धरू लागले. १९८२ मध्ये बीबीसीची इंग्रजी पाठमाला चिनी दूरचित्रवाणीवर आली आणि तिची निवेदिका कॅथी फ्लॉवर घराघरांत ओळखीची झाली. १९८७ मध्ये महाविद्यालयीन इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. २००१ मध्ये इंग्रजी तिसऱ्या इयत्तेपासून आणण्याचा निर्णय झाला. एकूण ७५० गुणांच्या प्रवेश परीक्षेत चिनीला १५०, गणिताला १५० आणि परकी भाषेला १५०, ही रचना सर्वपरिचित आहे. हा तुमचा ‘इंग्रजी न शिकलेला’ देश.

१४/ २०२१ मध्ये शांघायने प्राथमिक शाळांच्या सत्रान्त परीक्षेतून इंग्रजी वगळली आणि खासगी शिकवण्यांवर देशभर निर्बंध आले, तेव्हा आपल्याकडे ‘चीनने इंग्रजी सोडली’ म्हणून पेढे वाटले गेले. विषय अभ्यासक्रमात तसाच राहिला होता. बातमी अर्धीच वाचायची सवय, दुसरे काय.

१५/ इथवर वाचून इंग्रजी माध्यमाचे समर्थक खूश झाले असतील, तर त्यांनी थोडे थांबावे. हा धागा त्यांच्यासाठीही आहे. चीनने इंग्रजी शिकवली ती विषय म्हणून. भौतिकी, इतिहास, वैद्यक हे सारे तो चिनीतून शिकला. त्याच्या इंग्रजी शिक्षणात दोष ढीगभर आहेत : रिकाम्या जागा भरण्यात तरबेज आणि बोलायला तोंड उघडत नाही, अशा इंग्रजीला तेच लोक ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात. खेडे आणि शहर यांतली दरीही खोल आहे. परंतु गुणाकार कळण्याआधी परकी भाषा कळलीच पाहिजे, ही अट त्याने सर्वसामान्य मुलावर लादली नाही.

१६/ आणि आपण? बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत निघत होते, थोंगवन ग्वानच्या तीस वर्षे आधी. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे, तर चिनी माणसाने पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेले पहिले सांगोपांग चिनी व्याकरण, मा च्येनचोंगचे, १८९८ चे. सुरुवातीला आपण पुढे होतो. डावा स्तंभ वाचून उजवा लिहिण्याचे काम मध्येच कुठेतरी थांबले.

१७/ गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इतिहासावर बोलायला गेलो होतो. सातवीच्या एका मुलाने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत एका दमात म्हणून दाखवली. खिडकीबाहेर भाताची रोपे डोलत होती. मी मराठीत विचारले, ‘बाळा, ही रोपं सावलीत पिवळी का पडतात रे?’ त्याने बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तीच व्याख्या सुरू केली. त्याचे वडील शेतकरी आहेत, हे मला नंतर कळले.

१८/ प्रतिवाद जरूर करा, पण कलम ५० वाचून. जपानचा धागा पुढच्या आठवड्यात. तिथे सुरुवात इंग्रजीने होत नाही, नागासाकीजवळच्या एका बेटावरच्या डच वखारीने होते.