शस्त्रांचे सौदागर आणि आपण प्रेक्षक

‘लॉर्ड ऑफ वॉर’ हा चित्रपट २००५ च्या सप्टेंबरमध्ये पडद्यावर आला. वीस वर्षे उलटली तरी त्याच्याविषयी एकमत झालेले नाही. त्याचा पुढचा भाग काढण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली, तेव्हापासून जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. काहींना तो शस्त्रास्त्र व्यापारावरील सर्वांत परखड चित्रपट वाटतो. काहींच्या मते त्याने मृत्यूच्या दलालालाच नायक करून टाकले. तिसरा वर्ग म्हणतो की ही पडद्यावरची बोधकथा आहे, तिच्यातून नवे काहीच कळत नाही. आज युरोप आणि पश्चिम आशिया या दोन्हीकडे तोफा धडाडत आहेत. भारत स्वतः शस्त्रे निर्यात करणारा देश होऊ पाहत आहे. अशा वेळी या तिन्ही प्रतिक्रिया तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या स्थलांतरित कुटुंबातला युरी ऑर्लोव्ह (निकोलस केज) हॉटेल सोडून बंदुका विकू लागतो. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळतो आणि युक्रेनमधील शस्त्रसाठ्यांना वाली उरत नाही. युरीचा काका तिथे लष्करात अधिकारी असतो. युरी तो माल उचलतो आणि लायबेरियासारख्या यादवीत होरपळणाऱ्या देशांना विकतो. धाकटा भाऊ व्हिटाली शेवटी हे सहन करू शकत नाही आणि जिवाला मुकतो. युरी पकडला जातो, पण शिक्षा भोगत नाही. त्याची सरकारांना गरज असते, म्हणून तो सुटतो.

दिग्दर्शक अँड्र्यू निकोल यांना अमेरिकेतील बड्या स्टुडिओंकडून पैसा मिळाला नाही, त्यामुळे बाहेरचे भांडवल उभे करावे लागले. सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे सव्वासात कोटी डॉलरची कमाई केली. म्हणजे तो पडला नाही आणि फार गाजलाही नाही. समीक्षकही दुभंगले. रॉजर इबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने त्याला मनापासून दाद दिली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याची पाठराखण केली. इतर अनेकांना मात्र त्यातले सततचे निवेदन खटकले.

पहिला आक्षेप नायकाच्या आकर्षकतेचा आहे. युरी विनोदी आणि हजरजबाबी आहे, पैसा उधळतो, सुंदर पत्नी मिळवतो. त्याच्याबरोबर हसणारा प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूला जातो, असे टीकाकार म्हणतात. हे निरीक्षण चूक नाही. पण ते दिग्दर्शकाच्या योजनेचाच भाग आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच एका काडतुसाचा प्रवास त्या काडतुसाच्या नजरेतून दाखवला आहे. कारखान्यातल्या पत्र्यापासून ते पेटी, जहाज आणि बंदूक असे टप्पे ओलांडत एका आफ्रिकन मुलाच्या कपाळापर्यंत पोहोचते. पुढची दोन तास आपण युरीच्या विनोदांना हसतो, ते हा शेवट ठाऊक असताना. हसल्याची ही टोचणी ज्याला लागते त्याच्यापर्यंत चित्रपट पोहोचला. ज्याला लागत नाही त्याच्यासाठी तो निव्वळ थरारपट उरतो. प्रेक्षकांतली फूट येथे पडते.

दुसरा आक्षेप अतिशयोक्तीचा. काही तपशील खरोखरच ढिले आहेत. युरीचा पाठलाग करणारा इंटरपोलचा अधिकारी त्याला अटक करायला धावतो. प्रत्यक्षात इंटरपोलला अटकेचे अधिकार नाहीत. सदस्य देशांच्या पोलिसांत समन्वय साधणे, एवढेच तिचे काम. आफ्रिकेतील बळी चित्रपटात बहुतेक बिनचेहऱ्याचे राहतात, हाही दोषच. मात्र व्यवहाराची यंत्रणा दाखवताना चित्रपट फारसा चुकलेला नाही. निकोल यांनीच सांगितले आहे की, चित्रीकरणासाठी त्यांनी तीन हजार खऱ्या रायफली वापरल्या, कारण नकली रायफलींपेक्षा त्या स्वस्त पडल्या. रणगाडे ज्या मालकाकडून घेतले त्याला ते ठरावीक मुदतीत परत हवे होते, कारण त्यांचा लिबियातील ग्राहक ठरलेला होता.

युरीचे पात्र रचताना ज्यांचा आधार घेतला गेला त्यांत रशियन विमानवाहतूकदार व्हिक्टर बाउट याचे नाव अग्रभागी येते. आफ्रिकेतील युद्धांत शस्त्रे पोहोचवल्याचे आरोप असलेल्या बाउटच्याच विमानांनी २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी कंत्राटदारांचा माल वाहिला, हेही पुढे उघड झाले. २००८ मध्ये बँकॉकमध्ये सापळा रचून त्याला पकडण्यात आले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २५ वर्षांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने रशियाच्या तुरुंगातील बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर हिच्या बदल्यात त्याला सोडले आणि २०२३ मध्ये तो उल्यानोव्स्कच्या प्रांतिक विधिमंडळावर निवडूनही आला. चित्रपटाचा शेवट ज्यांना अविश्वसनीय वाटला त्यांना यापेक्षा चोख उत्तर मिळणार नाही. चित्रपटातील लायबेरियन हुकूमशहा ज्याच्यावरून बेतला त्या चार्ल्स टेलरला मात्र २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. ग्राहक तुरुंगात गेला, पण पुरवठ्याच्या साखळीतील फारच थोड्यांना शिक्षा झाली.

असे का होते? या व्यापारात बेकायदा माल जवळजवळ नेहमी कायदेशीर कारखान्यात जन्मतो. तो वाट बदलतो ती कागदावर. शस्त्र कोणाला विकले हे सांगणारे ‘अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र’ लागते. ते बनावट किंवा विकत घेतलेले असले की माल एका देशाच्या नावाने निघतो आणि दुसरीकडे उतरतो. दलाल एका देशात, जहाज दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली, बँक तिसरीकडे. २००० साली इटलीत मिलानजवळ पकडल्या गेलेल्या लिओनिद मिनीन याच्याकडे लायबेरियाशी झालेल्या शस्त्रव्यवहाराची कागदपत्रे सापडली होती. पण ती शस्त्रे इटलीच्या भूमीवर आलीच नव्हती, म्हणून आपल्याला अधिकार नाही असे तेथील न्यायालयांनी ठरवले आणि शस्त्रांचा खटला टिकला नाही.

हे सारे दूरच्या आफ्रिकेत घडते, असे समजणाऱ्या भारतीय प्रेक्षकाने दोन तारखा आठवाव्यात. १९९३ च्या आरंभी रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्च रोजी मुंबईत स्फोटमालिका झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलियावर अँतोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ बंदुका आणि लाखो काडतुसे टाकण्यात आली. माल बल्गेरियातला आणि कागदावरचा ग्राहक बांगलादेश. परतीच्या वाटेवर ते विमान मुंबईत उतरवण्यात आले, पण मुख्य आरोपी किम डेव्ही विमानतळावरूनच निसटला. डेन्मार्कच्या न्यायालयांनी त्याचे प्रत्यार्पण २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नाकारले. ज्या कोकण किनाऱ्याचेच पुढचे टोक आपला गोवा आहे, त्या किनाऱ्यावरील माणसाला ही कथा परकी वाटू नये.

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक आहे. मोठमोठी सरकारेच हा धंदा करतात, तर एका दलालाला दोष देऊन काय उपयोग, असा तिचा सूर असतो. तिचे बीज चित्रपटातच आहे. सुरक्षा परिषदेचे पाच स्थायी सदस्यच सर्वांत मोठे शस्त्रपुरवठादार आहेत, याची आठवण तो शेवटी करून देतो. ते आजही खोटे नाही. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२०-२४ या काळात जगातील मोठ्या शस्त्रांच्या निर्यातीत एकट्या अमेरिकेचा वाटा ४३ टक्के होता. पाचही स्थायी सदस्यांचा मिळून तो दोन तृतीयांशांहून अधिक भरतो. पण सगळेच गुंतलेले आहेत या निष्कर्षातून कोणीच जबाबदार नाही हा निष्कर्ष निघत नाही. प्रेक्षक बरेचदा येथे फसतात, आणि चित्रपटही त्यांना सावरण्यासाठी फार काही करत नाही.

फरक करता येतात. गस्तीचे जहाज आणि यादवीतील टोळीला दिलेली मशीनगन या एका मापाच्या वस्तू नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्र व्यापार करार स्वीकारला तो याच तत्त्वावर. विकलेल्या शस्त्राचा वापर नरसंहारासाठी होणार हे ठाऊक असेल तर विक्री करू नये, असे तो सांगतो. १५४ देशांनी बाजूने मतदान केले. इराण, उत्तर कोरिया व सीरिया विरोधात गेले. भारत तटस्थ राहिला. दहशतवादी आणि बिगरशासकीय गटांच्या बाबतीत मसुदा दुबळा आहे आणि निर्यातदार देशांकडे झुकलेला आहे, ही आपली तक्रार होती. मुंबई आणि पुरुलिया अनुभवलेल्या देशाची ती तक्रार रास्तच होती.

पण तेव्हाचा भारत मुख्यतः खरेदीदार होता. आजही जगातील शस्त्रआयातीत युक्रेनखालोखाल आपला क्रमांक लागतो. त्याच वेळी २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली आणि २०२९ पर्यंत ती ५०,००० कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. फिलिपिन्सला ब्राह्मोस क्षेपणास्त्रे पोहोचली. आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलाला गस्ती जहाजे बांधून दिली. या कामाचा गोमंतकीयांना अभिमान वाटतो आणि तो वाटावा. किनारा राखणारे जहाज एका सरकारने दुसऱ्या सरकारला उघडपणे विकणे आणि युरीचा धंदा यांत अंतर आहेच. मात्र निर्यात दुपटीहून अधिक करायची तर त्यात दारूगोळा आणि लहान शस्त्रेही येणार, खासगी कारखाने आणि मध्यस्थही येणार. लहान शस्त्रे हाताबाहेर किती सहज जातात हे आपल्याला इतरांनी सांगण्याची गरज नाही.

म्हणून तटस्थ राहताना २०१३ मध्ये आपण जे मागितले होते ते आता स्वतःपासून सुरू करता येईल. आपल्या मालाचा अंतिम वापरकर्ता कोण, तो माल ठरल्या जागी पोहोचला का, याची विक्रीनंतरही पडताळणी व्हावी. परवाना कोणाला व कशासाठी दिला याचा वार्षिक तपशील संसदेपुढे यावा. वासेनार व्यवस्थेचे सदस्यत्व २०१७ मध्ये मिळवलेल्या देशाला हे अवघड नाही. निर्यातीच्या आकड्यांचे स्वागत करताना हा हिशेब मागणे हे देशहिताच्या आड येत नाही. पुरुलियाच्या मालावर बल्गेरियात कोणी हा प्रश्न वेळीच विचारला असता, तर ते विमान कदाचित उडालेच नसते.