मज्जारज्जूची आशा आणि उपचारांचा बाजार

घाटकोपर स्थानकात जानेवारी २०१४ मध्ये फलाट आणि लोकल यांच्यामधील पोकळीत पडून एका महाविद्यालयीन तरुणीला दोन्ही हात गमवावे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. दात्याच्या हातांत तिचे मज्जातंतू हळूहळू वाढले आणि हालचाल येऊ लागली.

अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला अशा बातमीनंतर साहजिकच प्रश्न पडतो : हाताचे मज्जातंतू वाढतात, तर पाठीच्या कण्यातले का नाहीत?

हातापायांतील मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकतो. त्याच्या आवरणातील पेशी वाढीस अनुकूल वातावरण निर्माण करतात. मज्जारज्जूत मात्र ‘नोगो’सारखी प्रथिने आणि जखमेभोवती तयार होणारा व्रण ही वाढ रोखून धरतात. मॉन्ट्रियलच्या सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले, की पायाच्या मज्जातंतूचा तुकडा जोडल्यास मज्जारज्जूतील तंतूही त्यातून वाढतात. वाढीची क्षमता असते, परिसर प्रतिकूल असतो, हा त्याचा अर्थ. त्यानंतरचे बरेचसे संशोधन याच सूत्राभोवती फिरत आले आहे.

ताजे उदाहरण जपानचे. केइओ विद्यापीठाने पुनर्रचित मूलपेशींपासून बनविलेल्या पेशी चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोघांत सुधारणा दिसली. त्यांतील एक जण आधाराविना उभा राहू शकला. मात्र रुग्ण अवघे चार, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि पेशी दिल्या त्या दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. या कालावधीत काही सुधारणा आपोआपही होते. त्यामुळे वर्षानुवर्षे जुन्या दुखापतीला हा निष्कर्ष लागू करता येत नाही.

नेमका हाच फरक जाहिरातींत पुसला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत : रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर हा प्रयोगच असून तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. तेव्हा अंधेरी असो वा मुलुंड, घर गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबाने एकच प्रश्न विचारावा : ही चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’मध्ये नोंदलेली आहे काय, आणि तिचा क्रमांक कोणता? उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.

आज हाती असलेले उपाय कमी आकर्षक आहेत, पण त्यांचे मोल मोठे आहे. पडलेल्या व्यक्तीची मान व पाठ न वाकवता तिला सपाट फळीवरून हलविणे, शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया, मूत्राशयाची निगा, शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलणे आणि नियमित व्यायाम. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण बोरिवलीच्या चाकाच्या खुर्चीवरील रुग्णाला लोकलने तिथवर पोहोचणे हेच दिव्य ठरते. पुनर्वसनाची अशी सोय उपनगरांतच उभी राहणे म्हणूनच अगत्याचे आहे. उद्याचा शोध लागेल तेव्हा त्याचा लाभ घेण्याइतके शरीर शाबूत राहायला हवे. ते राखण्याची जबाबदारी प्रयोगशाळेची नव्हे, शहराची आहे.