अकरा लाखांत ऐंशी लाखांची गाडी



आपण सगळे इथे हजिरा पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी लिहितो. कॉलनीतले गणपती, ताप्ती लाइनच्या गाडीतले डबे, नवापूर स्टेशनात अर्धं बाकडं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. माझी आजची आठवण ताजी आहे आणि कडू आहे. परवा आपल्यातल्याच एकाने हार घातलेल्या मोठ्या काळ्या एसयूव्हीचा फोटो टाकला. दिल्लीची गाडी, डिझेल, दीड लाख किलोमीटर चाललेली, "नव्या क्रेटापेक्षा स्वस्त". खाली अभिनंदनांची रांग. मी अभिनंदन केलं नाही. का नाही, ते लिहितो. राग आला तर इच्छापोरला घरी या, चहा पिऊन भांडू.

मी बी.कॉम., बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. पहिली स्कूटर नंबर लावून मिळाली, पहिली गाडी म्हणजे एकाची वापरून झालेली पद्मिनी. तेव्हा जुन्या गाडीचं मला वावडं नाही, हे आधीच सांगतो. जास्त चाललेल्या डिझेल गाडीचंही नाही. हायवेवर वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चाललेलं डिझेल इंजिन शहरात रखडलेल्या इंजिनापेक्षा निरोगी असतं. माझं भांडण आहे ते "ऐंशी लाखांची गाडी अकरा लाखांत मिळाली" या वाक्याशी.

मंडळी, अकरा लाखांना गाडी मिळते, ऐंशी लाखांचा खर्च तसाच राहतो. घसारा गाडीच्या किमतीला लागतो, स्पेअर पार्टला लागत नाही. दहा वर्षांनी त्या गाडीचा एअर सस्पेन्शनचा फुगा फुटला तर कंपनी "जुनी गाडी आहे, जुन्या भावात घ्या" म्हणत नाही. उलट भाव वाढलेला असतो.

माझे थोरले भाऊ गेले, त्यांचा मुलगा इथेच हजिऱ्याला कंत्राटी इंजिनियर आहे. २०२४च्या दिवाळीआधी तो घरी आला. "काका, एक गाडी बघितलीय. २०१४ची, जर्मन, दिल्लीच्या डॉक्टरची. अकरा लाख म्हणतोय. तुम्ही फक्त कागद बघा." मी कागद बघायला गेलो आणि गाडीत बसलो. चामड्याची सीट, वर काचेचं छत, दरवाजा लावला की बाहेरचा आवाज बंद. डीलर म्हणाला, "काका, चिंता न करो, गाडी माखण जेवी छे." खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला.

दिल्लीच्या गाड्या इतक्या स्वस्त का, हे मला माहीत होतं. ७ एप्रिल २०१५ला राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून तिथला श्रीमंत माणूस नवव्या वर्षीच गाडी विकायला काढतो आणि ती आपल्याकडे येते. १ जुलै २०२५ला तर तिथे अशा गाड्यांना पंपावर डिझेल देणंच बंद केलं होतं. आरडाओरडा झाला, काही दिवसांत ते थांबवलं. ऑगस्टमध्ये कोर्टाने नुसत्या वयावरून मालकावर कारवाई नको म्हटलं, डिसेंबरात पुन्हा सांगितलं की ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच. म्हणजे नियमाचाही भरवसा नाही. आमच्या पोराला वाटलं, कायद्यामुळे सोनं मातीमोल झालंय, आपण उचलू. मला विचाराल तर कायद्याने मालकाला निमित्त दिलं, एवढंच. आठ-नऊ वर्षांनी येणाऱ्या मोठ्या दुरुस्त्या त्याला दिसत होत्याच.

दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये रोज आठ-दहा किलोमीटर रखडत चाललेल्या डिझेल गाडीचं काय होतं, हे मी नंतर मेकॅनिककडून शिकलो. धुराची काजळी अडवायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळावी लागते. ती पळतच नाही, फिल्टर तुंबतो. मग कोणीतरी तो कापून काढतो आणि कॉम्प्युटरला सांगतो की सगळं ठीक आहे. आमच्या गाडीतही काढलेला होता. डीलरला विचारलं तर म्हणाला, "काका, पिकअप सारो आवे."

पैशाचं सांगतो. सात लाख कर्ज, १४ टक्के, ४८ महिने. हप्ता १९,१२८ रुपये. एक लाख त्याचे, तीन लाख मी एफडी मोडून दिले. ज्या माणसाने जुन्या गाडीच्या कर्जाचे अर्ज "परतफेडीची क्षमता नाही" असा शेरा मारून परत पाठवले, त्याने. का दिले? कारण पोरगा म्हणाला, "धरणगावच्या लग्नाला सगळे साडू आपापल्या गाड्यांतून येणार. मी काय भाड्याच्या गाडीने जाऊ?" यावर मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचायला हवं होतं, कारण हा प्रश्न त्याला शिकवला कोणी? आपणच. लग्नात "सध्या काय चालवतोस?" असं आपणच विचारतो. हातात पगार किती उरतो, असं विचारताना मी कोणालाच ऐकलं नाही.

डिसेंबरात लग्न झालं. परत येताना रात्री कोंडाईबारी घाटात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, गाडीचा मागचा एक कोपरा खाली बसला आणि इंजिनाने वेग धरायचं सोडलं. त्याला लिंप मोड म्हणतात म्हणे. लंगडी गाडी. वहिनी मागे बसलेल्या, अडुसष्ट वय, डायबिटीस. एक ट्रकवाला देवासारखा थांबला, दोर काढला. पण चारही चाकांना ताकद जाणारी ही ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढता येत नाही, फ्लॅटबेडवरच चढवावी लागते. तो फ्लॅटबेड धुळ्याहून यायला साडेतीन तास लागले. वहिनींनी डब्यातले दोन लाडू खाऊन साखर सांभाळली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा एसटीने न्यायचे, पण पोहोचवायचे."

पुढचा हिशेब वहीत आहे. फुगे आणि कंप्रेसर १ लाख ६५ हजार. चार टायर १ लाख १२ हजार. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. तो रोड टॅक्स आणि एजंट मिळून ७२ हजार. इन्शुरन्स ४८, सर्व्हिस ४२. दहाव्या महिन्यात गिअर अडकायला लागले. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" म्हणून कोणी कधी बदललंच नव्हतं. दुरुस्तीचं एस्टिमेट ४ लाख ६० हजार. गाडी आहे तशी विकली, ३ लाख ७५ हजारांना.

अकरा लाख किंमत, वर ४ लाख ३९ हजार खर्च, वजा पावणेचार लाख. राहिले ११ लाख ६४ हजार. गाडी त्याच्याकडे चालली ९,२०० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला १२६ रुपये, डिझेल आणि व्याज वेगळं. त्याच सुमारास मी अठरा रुपये दराने भाड्याची इनोव्हा करून वणीला जाऊन आलो. ड्रायव्हर वेगळा, म्हणजे मी मागे झोपलो.

आणि विकताना खरी गंमत. दहा हप्ते भरूनही कर्ज ५ लाख ८४ हजार बाकी. ते फेडल्याशिवाय फायनान्स कंपनी एनओसी देत नाही आणि आरसीवरचा बोजा उतरत नाही. गाडीचे आले पावणेचार. म्हणजे गाडी *विकण्यासाठी* २ लाख ९ हजार खिशातून घालावे लागले, फोरक्लोजर चार्ज वेगळा. ते कुठून आले, ते शेवटी सांगतो.

आता कोणी म्हणेल, साहेब, तुमच्या पुतण्याला बघून घेता आलं नाही, सगळ्याच गाड्या अशा नसतात. खरं आहे. घ्यायचीच असेल तर मीटरच्या आकड्याला घाबरू नका, फार कमी आकड्याला घाबरा. मीटर साठ हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली, तर मीटर मागे फिरवलाय. चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपची सगळी सर्व्हिस हिस्टरी मागा, मिळत नसेल तर उठा. बुडालेली गाडी ओळखायला तर आपल्याला शिकवायला नको. ऑगस्ट २००६ला तापीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर गाळ धुऊन पॉलिश केलेल्या किती गाड्या विकल्या गेल्या, हे कर्जाच्या टेबलावरून मी पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्याची रेघ पट्ट्यावर राहते, ती पुसायला कोणी जात नाही.

पण हे सगळं तपासून गाडी चोख निघाली, तरी माझा प्रश्न उरतोच. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवून, ती पुढच्या दोन वर्षांत खर्च होणार असं धरून घेताय का? घरात दुसरी चालती गाडी आहे का? असेल तर खुशाल घ्या. शौक आहे, शौकाला मोल नसतं, मीही रेकॉर्डवर पैसे उडवलेत. अकरा लाख जमवतानाच दम लागला असेल, तर दोन लाख चाललेली साधी टोयोटा घ्या. तिचा पार्ट सोनगढलाही मिळतो आणि तिला बघून कोणी साडू जळत नाही, एवढाच तिचा दोष.

माझ्या तीन लाखांचं मी काही म्हणत नाही. चूक माझी, सही माझी. पोरगा आता बाइकवर जातो. मला बघून मान खाली घालतो, ते मला आवडत नाही. त्याला म्हटलं, "अरे, मीही त्या सीटवर बसलो होतो."

ते दोन लाख नऊ हजार सूनबाईंच्या पाटल्यांवर उचलले. तिच्या आईने दिलेल्या, चार तोळ्यांच्या. गोल्ड लोनच्या व्याजाची पुढची तारीख १२ आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे.