थेंब की लेसर?

काचबिंदू म्हटलं की आमच्या नात्यागोत्यात एकच वाक्य ऐकू येतं, "आधी थेंब घालून बघू, लेसरबिसर नंतर." म्हणजे थेंब हा साधा उपाय आणि लेसर म्हणजे जवळजवळ ऑपरेशनच! मला हे उलटं वाटतं. अवघड आहेत ते थेंब.

आमची आत्या माणला असते. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीत आयटीत, दोघांच्या वेळा वेगळ्या. रात्रीचा थेंब घालायचा कोणी? आत्याचा स्वतःचा हात थरथरतो. थेंब कधी पापणीवर, कधी गालावर, कधी उशीवर. बरं, नेमका डोळ्यात पडला तरी तिला काही कळत नाही. गोळी घेतली आणि डोकं थांबलं, असा प्रकार इथे नाहीच. डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो तो जाणवत नाही, उतरतो तोही नाही. नजर सुधारत नाही, उरली आहे तेवढी टिकवायची. मग लग्नाला जाताना बाटली घरीच राहते, संपली की "शनिवारी आणू" होतं... आणि हे जन्मभर. शिवाय टिमोलॉलचा थेंब दम्याच्या माणसाला चालत नाही, पण डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचं सांगायचं सुचतं कोणाला?

एसएलटी नावाच्या लेसरमध्ये कापाकापी नसते. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं, तिच्यावर काही मिनिटं लेसरचे बारीक ठिपके देतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. ब्रिटनमध्ये 718 रुग्णांवर झालेला 'लाइट' हा अभ्यास 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. थेंबांच्या गटात 11 जणांना काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली, लेसरच्या गटात एकालाही नाही. 2022 पासून तिथल्या 'नाइस' संस्थेच्या सूचनांतही बऱ्याच नव्या रुग्णांसाठी आधी लेसर सुचवलं आहे.

पण हे सगळं उघड्या कोनाच्या काचबिंदूचं, बरं का. कोन बंद होत असेल तर लेसर वेगळं, त्यात बुबुळाच्या पडद्याला बारीक भोक पाडतात. म्हणून "शेजारच्या काकांनी केलं, त्यांना काही उपयोग झाला नाही" याला अर्थ नाही. काकांचं कुठलं लेसर होतं? डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा, कोन उघडा की बंद?

लेसरचा असर काही वर्षांनी ओसरू शकतो. ते पुन्हा करता येतं, किंवा थेंब सुरू करावे लागतात. माझी खरी भीती वेगळीच आहे. लेसर झालं की आपली माणसं "सुटलो एकदाचे" म्हणून तपासणीलाच जाणार नाहीत. माणहून शहरात डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, मान्य. तरी दाब मोजायला जावंच लागतं, थेंब असोत वा नसोत.

आणि हो, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. चाळिशी उलटलेल्या भावंडांनो, तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले होते?