फॉर्मेट मारण्याआधी एक प्रश्न: ही डिस्क राहणार कुणाकडे?



मागच्या व्हिडिओत मी विंडोज नव्याने टाकताना जुनी पार्टिशन कशी डिलीट करायची ते दाखवलं. बारा मिनिटांच्या व्हिडिओत डिलीटचं बटण दाबायला मला चार सेकंद लागले. नंतर दुकानात बसून तो परत पाहिला आणि मीच जरा अस्वस्थ झालो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं नेमके तेच चार सेकंद उचलतात. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन त्याच मालकाकडे राहणार असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. आणि मशीन किंवा डिस्क दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर नुसती पार्टिशन उडवून ती देऊ नका. आपल्या लाइनमध्ये बरोबर उलटं चालतं. ग्राहकाची चालू डिस्क आपण बिनधास्त साफ करतो, आणि विकायला आलेल्या डिस्कवर पार्टिशन डिलीट मारून "क्लीन आहे भाई" म्हणून पुढे सरकवतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. आमच्याच सेक्टरमधल्या एक काकू फराळ आणि मसाल्यांचा धंदा करायच्या. दिवाळीच्या महिनाभर आधी सीपीयू घेऊन आल्या. "अरे, जाम स्लो झालाय, जरा फास्ट करून दे. माझं सगळं डीमध्ये आहे, तेवढं सांभाळ." मी म्हटलं, काकू, टेन्शन घेऊ नका, डीला हात लावत नाही. साडेतीनशे रुपये सांगितले.

आत दोन डिस्क होत्या. एक जुनी पाचशे जीबीची, दुसरी भाच्याने नंतर लावून दिलेली, तीही पाचशेचीच. आता ज्यांनी विंडोजचं सेटअप चालवलंय त्यांना माहीत असेल, "विंडोज कुठे टाकायचं" विचारणाऱ्या त्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं नसतात. डिस्क ०, डिस्क १ आणि पुढे आकडे असतात. दोन्ही डिस्कचा आकडा ४६५ जीबी. मी धरून चाललो की शून्य म्हणजे सी. डिलीट, डिलीट, नेक्स्ट. पाऊण तासाने नवीन डेस्कटॉप आला, मी खुशीत डी ड्राइव्ह उघडला, आणि आत जुनं विंडोज जसंच्या तसं बसलेलं दिसलं.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. फोटो बरेच निघाले, पण फाइलींची नावं गेलेली. उधारीची एक्सेल निघाली, उघडली मात्र नाही. कारण मी नुसतं डिलीट करून थांबलो नव्हतो, त्याच जागेवर वीसेक जीबीचं नवीन विंडोज बसवलं होतं. काकू ओरडल्या नाहीत. "कागदावर थोडं आहे, बघते" एवढंच म्हणाल्या. मी दोन संध्याकाळ त्यांच्या घरी बसून त्यांच्या मोबाइलमधले नंबर लावून लोकांना विचारत होतो की तुमच्याकडे किती बाकी होती. बऱ्याच जणांनी सांगितली. ज्यांनी नाही सांगितली त्यांची किती बुडाली, ते ना काकूंना कळलं ना मला. यादीच नव्हती. साडेतीनशे रुपये मी घेतले नाहीत. त्याने काही भरून निघत नाही, हेही खरं.

आता ही चूक फक्त माझीच होती का? त्या दिवशी माझीच. पण आपल्या धंद्याची बसवणूकच अशी आहे की ती कुणाकडूनही होईल. साडेतीनशे रुपयांत विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटर, ऑफिस, अँटिव्हायरस. त्यात विचारपूस करायला वेळ कुठून काढायचा? ग्राहकालाही वाटतं, फॉर्मेट म्हणजे गाडी धुण्यासारखं काहीतरी.

आणि चारकोपमध्ये तर ही भीती दुप्पट आहे. हा भाग म्हाडाने वर्ल्ड बँकेच्या योजनेतून वसवला, छोटे प्लॉट, बैठी घरं. पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर असं आजही कितीतरी जणांचं चालतं. खोली एक तसं मशीनही एकच. त्यावर दिवसा बिलं बनतात, संध्याकाळी मुलीचा प्रोजेक्ट, रात्री सोसायटीच्या मीटिंगचा अहवाल. ग्राहक "डीमध्ये आहे" म्हणतो तेव्हा त्याला जे आठवतं तेवढंच तो सांगतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स सीमध्येच असतात, हे त्याच्या डोक्यात नसतं.

टॅलीचं घ्या. टॅली प्राइमचा डेटा मूळ सेटिंगमध्ये सी ड्राइव्हच्या यूजर्स, पब्लिक या फोल्डरखाली जातो. आत कंपनीच्या नावाऐवजी आकड्यांचे फोल्डर दिसतात. नवख्या मुलाला तो कचरा वाटतो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावं लागतं. म्हणजे सहा वर्षं. तुमच्या चार सेकंदांनी कुणाची सहा वर्षं जाऊ शकतात.

दुसरं उदाहरण खास आपल्या मराठी लोकांचं, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. डीटीपीवाले, लग्नपत्रिका छापणारे, जुन्या सोसायट्यांचे सेक्रेटरी यांच्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतात. युनिकोडच्या आधीच्या. तुम्ही फाइली इमानदारीत कॉपी केल्या, नवीन विंडोज टाकलं, फाइल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमिड. फाइल शाबूत आहे, फॉन्ट गेला. ग्राहक म्हणणार डेटा खराब केला, आणि त्याच्या दृष्टीने तो खरंच खराब झालेला असतो. फॉन्टचा फोल्डर आधी कॉपी करायचा, त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किंवा डोंगल आहे का ते विचारायचं, हे आमच्या वर्गात मी आता पहिल्याच दिवशी सांगतो.

मग करायचं काय? मी गेली काही वर्षं एकच गोष्ट करतो. मशीन ग्राहकाकडेच राहणार असेल तर नवीन एसएसडी घालतो, विंडोज तिच्यावर टाकतो, आणि जुनी डिस्क काढून पाकिटात घालून, तारीख लिहून ग्राहकाच्या हातात देतो. "सहा महिने कपाटात ठेवा, काही आठवलं तर घेऊन या." मशीन फास्ट होतं ते एसएसडीमुळे. स्लो मशीनची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या जुन्या फिरत्या डिस्कवरच परत विंडोज टाकलं तर चार महिन्यांनी तो परत दारात. विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवतो. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून उडवता येत नाही. केबल काढता येत नसेल, काही लॅपटॉपमध्ये नाही येत, तर आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून त्याचा मोबाइलने फोटो काढतो. आकडे तिथे आणि सेटअपमध्ये तेच दिसतात.

एक नवीन भानगड मात्र लक्षात ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. ग्राहकाला पत्ताही नसतो. अशी डिस्क काढून तुम्ही पाकिटात दिली आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनला लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागणार. ती की नसेल तर त्या डिस्कचा पेपरवेट करा. म्हणून आधी एन्क्रिप्शन चालू आहे का बघा आणि ग्राहकाच्या खात्यातून की काढून त्यालाच लिहून घ्यायला लावा.

"सर, बाजूचा तीनशेत करून देतो, लोक एसएसडीचे पैसे देत नाहीत," असं दर बॅचला कुणीतरी म्हणतंच. खरं आहे. काही ग्राहक माझ्याकडून उठून गेले. जे थांबतात त्यांच्यासाठी मी बॅकअपचे आणि विंडोज टाकण्याचे पैसे वेगळे लिहितो. एकत्र लिहिले की घासाघीस होते आणि कापला जातो तो बॅकअपच. जॉब कार्डवर ग्राहकाच्या अक्षरात लिहून घेतो की काय काय ठेवायचं. लिहिताना माणसाला आठवतं, बोलताना नाही. कॉपी त्याच्यासमोर करतो, फोल्डर उघडून बघत नाही. एवढं झाल्यावरही त्याला जुनी डिस्क पुसायचीच असेल तर त्याची डिस्क, त्याचा निर्णय. पण त्या दिवशीच्या त्या दिवशी मी करत नाही. उद्या या म्हणतो.

व्हायरस आला, फॉर्मेट मार. ही सवय फार जुनी आहे. आणि तिच्याविरुद्ध ज्यांनी काम केलं त्यांनी काय उभं केलं ते बघा. रहिमतपूरचे कैलास काटकर, शिक्षण दहावीपर्यंत, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्याने व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातून १९९५ मध्ये क्विक हील आलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. दुरुस्तीच्या दुकानात आलेली डिस्क न पुसता ठीक करून द्यायची, एवढ्या गोष्टीला बाजार होता.

आता दुसरी बाजू, जिथे पुसायलाच हवं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्या मशीनमध्ये टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांची जुनी मशीन्स आमच्याकडे एक्स्चेंजला येतात, काही लॅमिंग्टन रोडला जातात, काही भंगारात. देणारा म्हणतो, "मी सगळं डिलीट केलंय."

पार्टिशन डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तिथेच असतात. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉर्मेट केल्यानंतरही तेच. अमेरिकेत एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या, आणि त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. एक तर एटीएम मशीनमधून आलेली, खात्यांच्या नंबरांसकट. ही गोष्ट २००३ साली छापून आली. मोठ्यांना शहाणपण आलं म्हणाल तर मॉर्गन स्टॅन्लीने डेटा सेंटर रिकामं करायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, त्यातली काही उपकरणं आत ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन विकली गेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण कायदा बाजूला ठेवा. सीएच्या ऑफिसातून आलेल्या डिस्कवर दोनशे लोकांचे पॅन आणि आधार असतात. त्यातला एक तुमचा असू शकतो.

फिरती डिस्क असेल तर डिस्कपार्टमध्ये क्लीन ऑल. नुसतं क्लीन नाही, ते फक्त अनुक्रमणिका फाडतं. क्लीन ऑल प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, एक टीबीला काही तास जातात, रात्री लावून घरी जा. आणि कमांड देण्याआधी निवडलेल्या डिस्कचा नंबर मोठ्याने वाचा, मी आजही वाचतो. पस्तीस वेळा पुसायचं वगैरे जे ऐकता ते जुन्या तंत्राच्या डिस्कसाठी होतं, आता एकदा नीट पुसलं की पुरे.

एसएसडीला हा उपाय लागू नाही. ती आतल्या आत जागा बदलत असते, वरून शून्य लिहिली तरी काही भाग राहू शकतो. तिला बायोसमधलं सिक्युअर इरेज किंवा कंपनीचं स्वतःचं टूल वापरायचं. गंमत अशी की एसएसडीवर चुकून फॉर्मेट मारलं तर ट्रिममुळे डेटा परत मिळायची आशा बहुतेक वेळा नसते. म्हणजे माझ्या हातून काकूंची डिस्क गेली तेव्हा निदान फोटो निघाले, आज तीच चूक एसएसडीवर झाली तर फोटोही नाहीत.

काकूंचं मशीन अजून माझ्याकडेच येतं. दोनदा बदललं. दर दिवाळीच्या आधी त्या एक पेनड्राइव्ह घेऊन येतात, मी त्यावर उधारीची कॉपी काढून देतो, त्या ती तिथेच उघडून शेवटची नोंद वाचून बघतात आणि मगच पर्समध्ये टाकतात. मला वाचू देत नाहीत.