घोड्याला चिलखत मिळालं, बैलाचं काय?

स्पेनमधली बैलझुंज म्हटली की आपल्याला आठवतो तो मॅटाडोर. मी निवृत्त पशुवैद्य. मुलीने माद्रिदच्या लास व्हेंतास रिंगणात नेऊन बसवलं, तेव्हा माझी नजर गेली घोड्याकडे. डोळे बांधलेले, पोटावर जाड चिलखत आणि पाठीवर भाला घेतलेला पिकाडोर.

या पिकाडोरला प्रेक्षक शिट्ट्या घालतात, पण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून. बैलाच्या मानेमागच्या उंच स्नायूत तो भाला रोवतो, त्यामुळे मान खाली येते. ती खाली आली नाही, तर शेवटी मॅटाडोर शिंगांवरून हात नेऊन तलवार खुपसणार कशी? मग बांदेरियेरो येऊन रंगीत कागद गुंडाळलेल्या, टोकाला आकडा असलेल्या काठ्या जोडीने रोवतात. एका मॅटाडोरच्या दिमतीला दोन पिकाडोर, तीन बांदेरियेरो आणि तलवारी सांभाळणारा गडी. अध्यक्षांचा पांढरा रुमाल हलल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. बांदेरियेरोच्या अंगावर सहसा चांदीची जर. सोनेरी जर मॅटाडोरला आणि पिकाडोरलाही, कारण एके काळी घोडेस्वारच मुख्य होता. पायी लढणाऱ्याची चलती झाली ती अठराव्या शतकात.

पूर्वी घोड्याला चिलखत नव्हतं. शिंग पोटात घुसायचं, आतडी वाळूवर यायची. एकेका दुपारी बैलांपेक्षा घोडेच जास्त मरत. 1928 मध्ये सरकारने चिलखत सक्तीचं केलं. पिकाडोरचं कसब संपलं, अशी कुरकुर जुन्या शौकिनांनी केलीच. खेळ मात्र बुडाला नाही. उलट 1931 मध्ये वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचं हेच लास व्हेंतास सुरू झालं.

त्यामुळे ‘परंपरेला हात लावू नका’ हे मला पटत नाही. हात केव्हाच लागलाय, फक्त घोड्यापाशी थांबलाय. कॅटालोनियाच्या संसदेने 2010 मध्ये बंदी मंजूर केली, घटना न्यायालयाने ती 2016 मध्ये रद्द केली. भांडण अधिकार कुणाचा, यावर झालं. बैलाच्या मानेचा प्रश्न राहिला तिथेच. पोर्तुगालमध्ये बैल प्रेक्षकांसमोर मारत नाहीत, हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. काठ्या तिथेही टोचतात आणि बैल सहसा नंतर कत्तलखान्यातच जातो. ही प्रेक्षकाच्या डोळ्यांची सोय झाली.

धाडसच पाहायचं असेल तर स्पेनमध्येच ‘रेकोर्तेस’ आहे. पोरं रिकाम्या हाताने बैलासमोर उभी राहतात, ऐनवेळी अंग वळवतात, कधी त्याच्यावरून उडीही मारतात. भाला नाही, तलवार नाही. धोका आहे, पण तो पत्करणाऱ्याचा. आपल्याकडे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा मार्ग मोकळा केला, तोही नियमांच्या चौकटीत.

स्पेनने पिकाडोरचा भाला आधी काढावा. भाल्याशिवाय मॅटाडोर बैलापुढे उभा राहणार नसेल, तर ती झुंज नव्हतीच.