बत्ती गुल होण्यापूर्वी



फेब्रुवारी सरत आला की आमच्या मराठवाड्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जाळ्या बदलल्या जातात, पंख्यांची पाती पुसली जातात आणि उन्हाळ्याची तयारी झाली असे आपण समजतो. गेल्या वर्षी मीही तसेच समजले होते. घरात कूलर होता, फ्रिज होता, इन्व्हर्टरही होता. पण हे सारे विजेवर चालते आणि वीजच गेली तर काय, याचा विचार कोणी केला नव्हता.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाचे वादळ आले. आमच्या भागातला डीपी जळाला, खांब आडवे झाले. इन्व्हर्टर दीड तास चालला आणि चूं-चूं करून बंद पडला. बॅटरीतले पाणी शेवटचे कधी पाहिले होते, हे घरात कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी वीज नाही. मोटार बंद, त्यामुळे दुपारपर्यंत टाकीतले पाणीही संपले. बाहेर पारा ४३ अंशांवर होता.

असरच्या सुमारास मी सासूबाईंना चहा द्यायला गेले, तर त्यांनी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. अंग तापलेले, कातडी कोरडी, जीभ अडखळत होती. शेजारच्या रिक्षातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. त्या मधुमेही असल्याने डॉक्टरांनी आधी साखर तपासली, ती ठीक निघाली. मग त्यांनी विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यायल्या?" मला उत्तर देता आले नाही.

दोन दिवसांनी बरे वाटल्यावर अम्मींनीच सांगितले, "अंधारे में कैसा जाती मैं? टाकी में पानी भी नै था." रात्री अंधारात संडासला जाताना पडण्याची भीती आणि दिवसा पाणी वाया जाऊ नये ही काळजी. म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले होते. तांब्या उशाशी होता, भरलेला होता. मी मात्र दोन्ही दिवस इन्व्हर्टरच्या दुकानात फोन लावत बसले होते.

तेव्हापासून आमच्या घरातील तयारीची यादी यंत्रांपासून नव्हे, तर घरातल्या सर्वांत अशक्त माणसापासून सुरू होते. तुमच्याकडे ते तान्हे बाळ असेल, बाळंतीण असेल, दम्याचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण असतील. त्यांचा दिवस विजेशिवाय कसा जाईल, हे डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे आता अम्मींच्या उशाखाली चार्जिंगची बॅटरी असते. संडासाच्या वाटेवर अडथळा नसतो आणि आत झाकलेल्या दोन बादल्या कायम भरलेल्या असतात. वीज गेली की दर तासाला त्यांना पाणी पाजण्याचे काम माझ्या धाकट्या मुलीकडे आहे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिले जाते, त्यांच्याबद्दल मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आता घराकडे येऊ. आपल्या आजी-आजोबांची माळवदाची घरे आठवा. जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत गेले की गारवा जाणवायचा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला जाल तेव्हा हौदाखालचे दालन आवर्जून पाहा. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते. आपले स्लॅब आणि पत्रे याच्या अगदी उलट वागतात. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो.

म्हणून पहिले काम छताचे. मार्चमध्येच गच्चीला किंवा पत्र्याला चुन्याचे दोन हात द्यावेत. त्यात थोडे फेविकॉल मिसळले की चुना धरून राहतो. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या भीषण उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे तेथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रमही हाती घेतला गेला. खर्च थोडा आणि वीज असो वा नसो, उपयोग होतोच.

दुसरे काम खिडक्यांचे. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून फारसा लाभ नाही, ते बाहेरच अडवले पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई, गोणपाट किंवा हिरवी शेडनेट बांधा. सकाळी आठ-नऊनंतर उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद आणि मगरिबनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, हा नियम पाळा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याची ताटी किंवा ओले गोणपाट वाऱ्याच्या वाटेवर टांगले की खोलीत फरक पडतो. कोकणातल्या बहिणींना याचा तितका फायदा होणार नाही, कारण दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही. त्यांनी वारा खेळता ठेवण्यावर आणि अंग पुसण्यावर भर द्यावा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. खोलीतला पारा चाळिशीपलीकडे गेला की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा ओला रुमाल मानेवर, ओली ओढणी अंगावर आणि मग पंखा किंवा हातपंखा, असे केले तरच आराम मिळतो.

इन्व्हर्टरचे गणित मी भाषेची शिक्षिका असल्याने मला कधी सुटले नव्हते. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी ते फळ्यावर मांडून दाखवले. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. प्रत्यक्षात १२०० धरून चालावे. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, एलईडी बल्ब १० वॉट. दोन पंखे आणि तीन बल्ब मिळून १८० वॉट, म्हणजे साडेसहा तास. हेच पंखे कमी विजेचे, बीएलडीसी प्रकारचे, ३० वॉटचे असतील तर तेवढ्याच बॅटरीवर तेरा तास निघतात. त्यावर २०० वॉटचा मोठा कूलर लावला तर एकटा तोच सहा तासांत बॅटरी रिकामी करतो. म्हणून वीज लवकर येत नाही असे दिसले की आम्ही एकच पंखा चालवतो आणि सगळे एकाच खोलीत झोपतो. टीव्ही बंद, मोबाइल दिवसा चार्ज.

पाण्याच्या बॅटरीत दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे. वर्षातून एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते मोजावे. आम्ही ही परीक्षा आधी घेतली असती तर ऐनवेळी नापास झालो नसतो. वीज परत येताना कधी कधी दाब कमी-जास्त होतो, म्हणून फ्रिज आणि टीव्हीची बटणे बंद ठेवून थोड्या वेळाने चालू करावीत.

इन्सुलिनबद्दल अनेकजणी विचारतात. बंद फ्रिजचे दार न उघडल्यास आत साधारण चार तास गारवा टिकतो, म्हणून सारखे उघडून पाहू नका. न फोडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते, तरी आपल्या पाकिटावरील सूचना वाचाव्यात. वीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि त्या मडक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली, असे सावलीत वाऱ्याला ठेवा. मडक्याने फ्रिजइतकी थंडी येत नाही, पण खोलीपेक्षा काही अंश कमी राहते. बर्फाला थेट चिकटवून मात्र ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

घरात ओआरएसची पाकिटे ठेवा. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. मधुमेहींसाठी डॉक्टरांना विचारून घ्यावे. माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा आणि जांघांत गार ओले कापड ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे काम करत नाही.

हिवाळ्याबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर-जानेवारीत वीज गेली की काही घरांत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावले जाते. असे कधीही करू नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस जातो. जनरेटर घरात किंवा जिन्याखाली चालवणे, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे यातही तोच धोका आहे. थंडीसाठी एकावर एक गोधड्या, पायांत मोजे आणि गरम पाण्याची पिशवी पुरे. पाणी तापवायचा बंब अंगणातच बरा.

शेवटची तयारी शेजाऱ्यांची. आम्ही अम्मींना घेऊन दवाखान्यात होतो, तेव्हा मागच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या खाला दार लावून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाणी पोहोचवायचे आमच्या लक्षातच आले नाही. समोरच्या काकूंनी दोन हंडे नेऊन दिले, म्हणून बरे झाले. आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर गल्लीतल्या अशा पाच घरांची नावे आणि फोन नंबर आहेत. वीज जाऊन दोन तास झाले की माझा मोठा मुलगा त्या पाचही दारांवर जाऊन येतो.

यंदा पहिले नाव त्याने अम्मींना विचारून लिहिले. अम्मी म्हणाल्या, "पहले खाला का लिख."

अल्लाह सर्वांची घरे आणि घरातली माणसे सुखरूप ठेवो.